अंगणातली चौतीस पावलं

माझ्या सासऱ्यांचं गेलेलं चालणं परत आलं होतं, आणि ते माझ्याच हातून पुन्हा गेलं. एक माणूस सोडला तर ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. आता ऐकून नावं ठेवणारी माणसंही फारशी उरली नाहीत, म्हणून लिहिते आहे.

आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात आणि सासूला आत्याबाई. म्हणतात खरं, पण लग्नाला दोन वर्षं होत आली तरी मी मामांना एकदाही हाक मारली नव्हती. तशी वेळच येत नसे. त्यांच्यासमोर बोलायचं नाही, त्यांच्याकडे बघायचं नाही, ते ओसरीवर आले की आपण आत जायचं. तेही रीतीचे पक्के होते. घरात शिरण्याआधी दारातच खाकरायचे, की मी डोक्यावर पदर ओढून चुलीपाशी. पाणी हवं असलं तर ओसरीच्या खांबाकडे तोंड करून म्हणायचे, "पानी भेटंल का कुनाकडून?" मी तांब्या उंबऱ्यावर ठेवायची आणि बांगड्या वाजवायची. एवढंच आमचं बोलणं. मला त्याचं काही वाटत नसे. लग्न ठरलं तेव्हा माहेरी, पुसेगावला, आईने महिनाभर माझा सराव घेतला होता. ती दाराबाहेर जाऊन पुरुषासारखी खाकरायची आणि मी हातातलं असेल ते टाकून पदर घ्यायचा. आम्ही दोघी हसून हसून बेजार व्हायचो.

आमचं गाव कुरुंद्याच्या बाजूला. पाच एकर रान, त्यात दीड एकर हळद. नव्वदचं दशक संपत आलं होतं, हिंगोली अजून परभणी जिल्ह्यातच होतं. माघात हळद काढून झाली होती आणि ती शिजवायला रानात कढई चढवली होती. मामा कढईपाशी उभे राहून गड्यांना काहीतरी सांगत होते. सांगता सांगता त्यांच्या डाव्या हातातलं फावडं गळून पडलं आणि त्यांना ते कळलंच नाही. मग तोंड वाकडं झालं, मग डावा पाय खचला. गडी म्हणाले, अंगावरून वारं गेलं. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी तळपाय चोळले. जीप मिळून वसमतला आणि तिथून नांदेडला पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला होता.

नांदेडच्या दवाखान्यात मामा अठरा दिवस होते. जीव वाचला. बोलणं जरा जड झालं, पण कळायचं. डावा हात आणि डावा पाय मात्र गेला. तिथे व्यायाम घेणारी एक बाई होती. बाई कसली, माझ्याच वयाची पोरगी, पांढरा कोट घातलेली. ती म्हणाली, "पाय चांगलाच आहे हो, इजा डोक्यात झाली आहे. त्याला चालायचं परत शिकवायचं. जितक्या लवकर सुरू कराल तितकं बरं." आठव्या दिवशी तिने मामांना खाटेच्या कडेला पाय खाली सोडून बसवलं, पुढे झुकवलं, आपला गुडघा त्यांच्या डाव्या गुडघ्याला लावला आणि कंबरेला धरून उभं केलं. डाव्या बाजूला उभं राहायचं, कंबरेला पंचा बांधून त्याची गाठ मागून मुठीत धरायची, दुखऱ्या पायावर भार द्यायला लावायचा. काखेत हात घालून ओढत न्यायचं नाही. हे सगळं ती माझ्या नवऱ्याला शिकवत होती आणि तो नंदीबैलासारखी मान हलवत होता. मी दाराबाहेर पडद्याआड उभी होते. ती मला म्हणाली, "तुम्ही या ना पुढे. घरी तुम्हीच करणार ना हे?"

आत्याबाई म्हणाल्या, "ती न्हाई. ती सून हाय."

त्या पोरीला काही कळलं नाही. तिने माझ्याकडे बघितलं आणि पुढच्या खाटेकडे गेली. मी मात्र पडद्याच्या फटीतून सगळं बघून घेतलं होतं.

घरी आलो आणि घोडं पेंड खायला लागलं ते इथेच. नवरा नांदेडला तेलाच्या गिरणीत कामाला, आठवड्याचा एक दिवस घरी. हळद वाळत पडलेली, म्हणून आत्याबाईंना सकाळीच रानात जावं लागायचं. घरात मामा आणि मी. भेटायला येणारे सगळे वैद्यच. कुणी म्हणे, लकव्याच्या माणसाला हलवू नये, शिरा तुटतात. कुणी म्हणे, पारव्याचं रक्त चोळा. आत्याबाईंच्या भावाने दोन पारवे पकडून आणलेही. दीड महिना मामा ओसरीतल्या खाटेवर पडून राहिले, पायाला तेल आणि रक्त चोळून घेत. पाय काही हलला नाही. उलट पाऊल खाली लोंबलं आणि टाच वर ओढली गेली.

दुसरं एक मला लवकर कळलं, कारण ताट मी वाढत होते. मामा जेवण तोडत होते. दोन भाकरींची एक झाली, एकीची अर्धी. सकाळी चहासुद्धा नको म्हणायचे. आमच्या गावात तेव्हा संडास कुणाकडे होता? पुरुष टमरेल घेऊन ओढ्याकडे जात. मामांसाठी खाटेखाली एक जर्मनचं भांडं ठेवलेलं होतं आणि ते आत्याबाईंनीच द्यायचं, आत्याबाईंनीच उचलायचं. आत्याबाई रानात असल्या की मामा दिवसभर कळ सोसून पडायचे. सुनेला सांगणं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. पोटात गेलंच नाही तर भांडं लागणार नाही, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

चैत्रातल्या एका दुपारी मी पाठीमागे भांडी घासत होते. धप्पकन आवाज आला. पळत गेले तर मामा उंबऱ्यापाशी पडलेले. एकट्याने परसात जायला निघाले होते, भिंत धरून. धोतर भरलं होतं. मी क्षणभर दारातच उभी राहिले. कुणाला हाक मारावी? शेजारच्या पुरुषांना बोलवावं तर ही शोभा गावभर होणार. मग मी पदर कंबरेला खोचला आणि त्यांना उचललं, पुसलं, धुतलं, दुसरं धोतर गुंडाळलं. ते डोळे घट्ट मिटून होते. खाटेवर टाकल्यावर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि रडायला लागले. मी तोवर कुठल्याच मोठ्या माणसाला रडताना पाहिलं नव्हतं. मला दया यायला हवी होती, पण मला संताप आला, कुणाचा ते अजूनही नीट सांगता येत नाही.

त्यानंतर दोन दिवस मामांनी अन्नाला हात लावला नाही. आत्याबाईंनी फार गळ घातली तेव्हा खांबाकडे बघून बोलले, "मला परसात माझ्या पायानं जाता आलं पायजे. बास. दुसरं कायबी नको मला. न्हाईतर खाऊ घालू नका."

परसात कापसाच्या पऱ्हाट्यांचा आडोसा करून सुताराने मध्ये भोक पाडलेली लाकडी खुर्ची मांडली होती, कारण उकिडवं बसणं मामांना जमणार नव्हतं. ओसरीपासून अंगण ओलांडून त्या आडोशापर्यंत माझी चौतीस पावलं भरत. मी आत्याबाईंना म्हणाले, "मी चालवते त्यांला. मी बघितलंय नांदेडला."

आत्याबाईंनी रानात न्यायची भाकरी फडक्यात बांधली. मग म्हणाल्या, "फाटक लावून घेत जा. गावाला दिसू नको."

अशी आमची सुरुवात झाली. सकाळी आत्याबाई गेल्या की मी फाटकाला कडी घालायची. पंच्याची घडी करून मामांच्या कंबरेला बांधायची, मागची गाठ उजव्या मुठीत, डावा हात त्यांच्या छातीशी. पहिले आठ दिवस नुसतं उठणं आणि बसणं. मग भार इकडून तिकडे. मग उजव्या हातात काठी देऊन एक पाऊल. त्यांना डावीकडचं जणू दिसतच नसे. डावीकडे खांब असला तरी त्याला धडकायचे. त्यांचं अंग माझ्यावर यायचं आणि माझी कंबर मोडायची. शिवाय मोठी अडचण ही की पाऊल टाका म्हणून सांगायचं कसं? सासऱ्याला हुकूम सोडायची सोय नव्हती. मग मी बैल हाकताना करतात तसा जिभेने आवाज काढायला लागले. च्यक् केलं की डावा, च्यक् केलं की उजवा. तीन दिवस त्यांनी ऐकून घेतलं. चौथ्या दिवशी अंगणाच्या मधोमध थांबले आणि म्हणाले, "काहून गं पोरी, बैल समजून राहिली का मला?"

दोन वर्षांत ते पहिल्यांदा माझ्याशी थेट बोलले होते. मी खाली मान घालून म्हणाले, "न्हाई मामा."

"मंग तोंडानं बोल. हितं कोन हाय ऐकाया?"

त्या दिवसापासून मी मोजायला लागले. काठी, डावा, उजवा. काठी, डावा, उजवा. फाटक बंद असलं की आम्ही बोलायचो. हळदीला काय भाव आला, कुणाची म्हैस व्याली, असलंच. फाटक उघडलं की परत खांब आणि बांगड्या.

नांदेडला दाखवायला नेलं तेव्हा त्या व्यायामवाल्या पोरीने दीड महिना वाया घालवला म्हणून नवऱ्याला बरंच सुनावलं. मी चालवते हे कळल्यावर तिने मला आत बोलावलं, आणि या वेळी आत्याबाई काही बोलल्या नाहीत. तिने मामांच्या बुटाच्या नाकाला सायकलच्या ट्यूबची पट्टी शिवून ती गुडघ्याखाली बांधायला सांगितली, म्हणजे लोंबणारं पाऊल जमिनीला घासणार नाही. निघताना माझा हात धरून म्हणाली, "त्यांचा गुडघा अजून दगा देतो. ते कितीही म्हणाले तरी गाठ सोडायची नाही. एका क्षणासाठीही नाही."

मृग आला, आषाढ आला. अंगणात चिखल व्हायचा म्हणून आत्याबाईंनी वाटेवर मुरूम टाकून घेतला. मामांचा डावा पाय आता गोल फिरून का होईना पुढे पडायचा. बारा पावलं झाली, वीस झाली. नागपंचमीच्या आसपास एका सकाळी आम्ही आडोशापर्यंत पोचलो. मामांनी पऱ्हाट्यांच्या आतला बांबू उजव्या हाताने धरला आणि मला म्हणाले, "तू मागं फिर आता." मी पाठ करून दूर उभी राहिले. खूप वेळ लागला. मग आतून हाक आली, मी गाठ धरली आणि आम्ही परत आलो. त्या दिवशी ते दोन भाकरी जेवले. वर ठेचा मागितला. आत्याबाईंनी हे ऐकलं आणि चुलीपुढे बसून पदराने डोळे पुसले.

यानंतर वीसएक दिवस मामा रोज आपल्या पायांनी परसात जात होते. जर्मनचं भांडं मी घासून माळ्यावर टाकलं. आयुष्यात इतका अभिमान मला दहावी पास झाले तेव्हाही वाटला नव्हता.

पण गावात बातमी लपत नाही. पोळ्याच्या आधीचा दिवस होता. आत्याबाई बैलांचा साज काढायला गोठ्याकडे गेल्या होत्या आणि जाताना फाटक नुसतं लोटलेलं राहिलं. आम्ही परसातून परत येत होतो. मामांची चाल त्या दिवशी छान पडत होती. मी मोजायचंही सोडून दिलं होतं, मामाच पुटपुटत होते, काठी, डावा, उजवा. मुठीत गाठ होती, पण सैल.

फाटकाबाहेर कुणीतरी खाकरलं.

मामांचे थोरले चुलत भाऊ, माझे चुलत सासरे. भावकीतले सगळ्यांत मोठे. मामा चालायला लागले हे ऐकून बघायला आले होते. फाटक ढकलून ते आत आले तेव्हा माझा उजवा हात माझ्या डोक्यावर होता. पदर कपाळापर्यंत आला होता आणि मी दोन पावलं मागे, भिंतीकडे सरकले होते. मी हे केलं असं म्हणवत नाही. हाताने केलं. मला समजलं तेव्हा मूठ रिकामी होती.

मामा आवाजाच्या बाजूला, डावीकडे वळायला गेले. डावा गुडघा दुमडला. ते त्याच अंगावर मुरमावर पडले आणि जो आवाज झाला तो मी इथे लिहिणार नाही.

खुब्याचं हाड मोडलं होतं. नांदेडला डॉक्टरांनी साखर आणि रक्तदाब बघून ऑपरेशन नको म्हटलं. पायाला विटा लटकवून सहा आठवडे ठेवलं. हाड वाकडंतिकडं धरलं आणि पाय आखूड झाला. व्यायामवाली पोरगी येऊन बघून गेली. तिने विचारलं, "तेव्हा कोण धरत होतं?" मी म्हणाले, "मीच." तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, होतं असं, तुम्ही खूप केलंत. मला तो हात झटकून टाकावासा वाटला.

दैव देतं आणि कर्म नेतं, असं जो तो म्हणत होता. चुलत सासऱ्यांनी गावभर सांगितलं, "मला बघून त्याला हुरूप आला आन् भोवळ आली." नवऱ्याने मामांनाच विचारलं, तर ते म्हणाले, "पाय घसरला माझा. चिखल व्हता." चिखल नव्हता. दोन दिवस ऊन पडलेलं होतं. मी दाराआड उभी राहून ऐकत होते आणि मीही काही बोलले नाही.

मामा परत उभे राहिले नाहीत. अडीच वर्षं ते त्या खाटेवर होते. जर्मनचं भांडं माळ्यावरून खाली आलं. आत्याबाईंचे गुडघे गेले तेव्हा ते मीच द्यायचं आणि मीच उचलायचं ठरलं, आणि आता रीत, मर्यादा कुणाला आठवली नाही. ज्या गोष्टीसाठी त्यांनी एवढा आटापिटा केला तीच रोज दोनदा, माझ्या हातून. त्यांनी पुन्हा जेवण तोडलं. मी रागावून भरवायची, ते तोंड मिटून घ्यायचे. पाठीला जखमा झाल्या. दर दोन तासांनी कूस बदलावी लागे. ते पडून असतानाच आमचा जिल्हा वेगळा झाला. नवऱ्याने पेपर वाचून दाखवला, तेव्हा मामा म्हणाले, "चांगलं झालं," आणि डोळे मिटून घेतले.

शेवटच्या उन्हाळ्यात एका सकाळी मी त्यांच्या जखमा पुसत होते. घरात कुणी नव्हतं. इतके दिवस दाबून ठेवलेलं माझ्या तोंडून निघून गेलं. "मामा, तुमी माज्यामुळं पडलात. मी गाठ सोडली."

"ठाव हाय मला," ते म्हणाले.

मी वाट बघत राहिले. त्यांनी मला शिव्या द्याव्यात, निदान थुंकावं, असं मला मनापासून वाटत होतं. अडीच वर्षं मी त्याची तयारी केली होती.

ते म्हणाले, "थोरला मानूस दारात आलता. तू बराबर केलंस."

मला वाटलं होतं बोलून टाकलं की ओझं उतरेल. उलट मला त्यांचाच भयंकर राग आला. या माणसाचे पाय गेले, लाज गेली, अंगाला भोकं पडली, आणि हा म्हणतो बराबर केलंस. मी कापूस भांड्यात टाकला, मागे जाऊन मोरीत उभी राहिले आणि तोंडात पदर कोंबून रडले.

त्यानंतर आठवडाभरातच चुलत सासरे मामांना बघायला आले. मी मामांची कूस बदलत होते. माझे दोन्ही हात त्यांच्या पाठीखाली होते, डोक्यावरचा पदर केव्हाच खांद्यावर घसरला होता. चुलत सासरे खाकरून आत आले. या वेळी मी हात काढले नाहीत. ठरवून काढले नाहीत. म्हटलं, बघू देत.

मामांनी दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांचा धड असलेला उजवा हात सावकाश वर आला. त्या हातात आता काडीचा जोर उरला नव्हता. त्यांनी माझ्या खांद्यावरचा पदर चाचपडत पकडला आणि ओढून माझ्या डोक्यावर घेतला.